एक लिटरच्या घनाची चाचणी 'पास' झाली, म्हणजे भुकटी ड्रायरमध्ये आणि जंबो बॅगेत सुरक्षित आहे का?

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी उत्पादन विभाग पाहतो. आमचे एक उत्पादन म्हणजे सेंद्रिय आम्लाचा क्षार असून ती करड्या-पिवळ्या रंगाची अतिशय बारीक भुकटी आहे. गोपनीयतेमुळे नाव देता येत नाही, त्याबद्दल क्षमस्व. ही भुकटी आम्ही ट्रे ड्रायरमध्ये ९५ अंश सेल्सिअसच्या गरम हवेवर साधारण १२ तास वाळवतो आणि ४० अंशांपर्यंत निवल्यावर ड्रममध्ये भरतो.

जुलै महिन्यात एका पहाटे ड्रायर उघडला तेव्हा कामगाराला जळकट वास आला. सर्वांत खालच्या ट्रेमध्ये वाटीएवढा तांबूस-काळपट गोळा होता. उलथण्याने फोडल्यावर त्याच्या पोटात लाल निखारा दिसला. ट्रे बाहेर काढून भुकटी पातळ पसरली आणि प्रसंग तेवढ्यावरच निभावला.

त्यानंतर निर्यातीच्या निमित्ताने आम्ही एका प्रयोगशाळेकडून संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी-पुस्तिकेतील एन.४ ही स्वयंतापनाची चाचणी करून घेतली. अहवालात म्हटले आहे की १०० मि.मी. बाजूच्या घनात, १४० अंशांच्या ओव्हनमध्ये, २४ तासांत नमुन्याचे कमाल तापमान १७१ अंश नोंदले गेले आणि पदार्थ वर्ग ४.२ मध्ये, म्हणजे आपोआप पेटू शकणाऱ्या पदार्थांत, मोडत नाही. आमच्या व्यवस्थापनाने याचा अर्थ असा लावला आहे की १४० अंशांपर्यंत भीती नाही. म्हणून ड्रायरचे तापमान १२० पर्यंत वाढवावे आणि निवण्याची वाट न पाहता ७० अंशांवरच ५०० किलोच्या जंबो बॅगा भराव्यात, असा प्रस्ताव आहे. तसे केले तर प्रत्येक पाळीत एक बॅच जास्त निघेल, हे खरे. माझे मन मात्र मानत नाही. अहवालाचा असा अर्थ लावणे योग्य आहे का, आणि नसेल तर नेमक्या कोणत्या चाचण्या करून घ्याव्यात, हे जाणकारांनी सांगावे.

मापक

खाडीकाठ यांस, आपले मन मानत नाही ते योग्यच आहे. अशा चाचण्या करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एन.४ मध्ये नेमके काय होते ते आधी पाहू. ०.०५ मि.मी. छिद्रांच्या स्टेनलेस स्टीलच्या जाळीची, वरून उघडी अशी १०० मि.मी. बाजूची घनाकार टोपली घेतात. तीत भुकटी काठोकाठ भरून टोपली हलकेच ठोकतात, बसलेली जागा पुन्हा भरतात आणि वरचा पृष्ठभाग सपाट करतात. नमुन्याच्या अगदी मध्यावर एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि टोपली व ओव्हनची भिंत यांच्यामध्ये दुसरे ठेवतात. टोपलीभोवती जाळीचेच एक मोठे आवरण असते, ते हवेचा झोत थेट नमुन्यावर येऊ नये म्हणून. मग ओव्हन १४० अंशांवर २४ तास धरून ठेवतात. नमुना पेटला किंवा त्याचे तापमान ओव्हनपेक्षा ६० अंशांनी, म्हणजे २०० अंशांच्या वर गेले, तर निकाल होकारार्थी. आपला नमुना १७१ वर गेला, म्हणून तो नकारार्थी ठरला.

अहवालातील हाच आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ओव्हन १४० वर आणि पोटात १७१, म्हणजे आपली भुकटी स्वतःच्या उष्णतेने ३१ अंश वर चढली. तापमान न चढलेला पदार्थ आणि ३१ अंश चढून थांबलेला पदार्थ या दोघांनाही अहवालात एकच शब्द मिळतो. धोक्याच्या दृष्टीने ते एक नाहीत. आपला पदार्थ उंबरठ्याच्या अगदी अलीकडे आहे. त्याच टोपलीत १४५ किंवा १५० अंशांवर तो पेटला असता तर मला आश्चर्य वाटले नसते. प्रयोगशाळेकडून तापमान-वेळेचा पूर्ण आलेख मागवून घ्या. वक्र कळसाला जाऊन सावकाश उतरला की कळसावर तासन् तास रेंगाळला, यावरून बरेच कळते.

आता १४० हा आकडा आला कुठून? तो लाकडी कोळशावरून आला आहे. कोळशाचा २७ घनमीटरचा घन ५० अंशांच्या भोवतालात आपोआप पेटण्याच्या सीमेवर असतो आणि त्याच कोळशाचा एक लिटरचा घन १४० अंशांवर त्या सीमेवर येतो. वाहतुकीच्या नियमांना उत्तर हवे होते ते एवढेच की मोठ्या आकाराचा माल ५० अंशांच्या उन्हाळ्यात पेटेल का. त्यासाठी एक लिटर आणि १४० ही छोटी प्रतिमा वापरली जाते. थोडक्यात, १४० हे आपल्या कारखान्यातील कोणत्याही यंत्राचे सुरक्षित तापमान नव्हे.

मुळातली गोष्ट आकाराची आहे. उष्णता भुकटीच्या संपूर्ण आकारमानात निर्माण होते आणि बाहेर पडते ती केवळ पृष्ठभागातून. ओला पेंढा गंजीत रचला की आतून तापतो, पण तोच अंगणात पसरला तर तापत नाही, हे आपल्याकडे प्रत्येक शेतकरी जाणतो. त्याचे गणित डेव्हिड फ्रँक-कामेनेत्स्की या सोव्हिएत शास्त्रज्ञाने मांडले आणि आजही आम्ही तेच वापरतो. कोळशाच्या वरील दोन आकड्यांतून त्या गणिताने सक्रियण ऊर्जा, म्हणजे तापमानाबरोबर क्रियेचा वेग किती झपाट्याने बदलतो याचे माप, मोलला सुमारे ९० किलोजूल निघते. आपल्या भुकटीचे एक लिटरचे क्रांतिक तापमान, म्हणजे ज्याच्या वर ती आपोआप पेटते ते भोवतालचे तापमान, १४५ अंश आहे असे क्षणभर धरू. सक्रियण ऊर्जा कोळशासारखीच असेल, तर एक घनमीटरच्या जंबो बॅगेचे क्रांतिक तापमान सुमारे ७८ अंश येते. तीच ऊर्जा ७० किलोजूल असेल, तर ते ६१ अंशांवर उतरते, आणि २७ घनमीटरला तर केवळ ३२ अंश उरते. ही तापमाने भोवतालची आहेत आणि १४५ हे माझे गृहीतक आहे, हे लक्षात ठेवावे. तरीही आपला प्रस्तावित ७० हा आकडा बॅगेच्या ७८ आणि ६१ या दोहोंच्या बरोबर मधोमध बसतो. एन.४ सक्रियण ऊर्जा मोजत नाही. ती कोळशासारखी आहे असे गृहीत धरते, आणि ज्या पदार्थाची ऊर्जा कमी त्याच्या बाबतीत हे गृहीतक धोक्याच्या बाजूला चुकते.

नमुन्याबद्दलही विचारतो. प्रयोगशाळेकडे गेला तो नमुना ताजा, पूर्ण वाळलेला आणि नेहमीच्याच बारीकपणाचा होता का? महिनाभर उघड्या पिशवीत पडलेल्या भुकटीचे सहज ऑक्सिडीकरण होणारे अंश आधीच संपलेले असतात आणि ती चाचणीत साळसूद वागते.

शेवटी एक शंका. ९५ अंशांच्या हवेत, ट्रेमधील दोन-तीन सेंटीमीटरच्या थरात, आपल्या अहवालातील भुकटीने निखारा धरावा हे गणितात बसत नाही. तेवढ्या पातळ थराला १६० च्या आसपास तापमान लागेल. तो ट्रे वाफेच्या कॉइलच्या जवळ होता का? कृपया पाहून सांगावे.

रंगशाळा

मी इचलकरंजीत कापडाच्या रंगाईत काम करतो. आमच्याकडे व्हॅट रंगांसाठी सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे सगळे ज्याला हायड्रोज म्हणतात ते, रोज लागते. हा पदार्थ वाहतुकीत वर्ग ४.२ मध्येच मोडतो, त्याचा क्रमांक यूएन १३८४ आहे. मापक यांनी लिहिलेल्या चाचणीत एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे पाणी, म्हणून हे लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच खात्यात एका नवीन मुलाने ओला मग तसाच हायड्रोजच्या ड्रममध्ये घातला आणि झाकण लावले. अर्ध्या-पाऊण तासाने पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. झाकणाच्या कडेने पांढरा धूर आणि गंधकाचा घसा धरणारा वास येऊ लागला. सुदैवाने ड्रम दाराजवळ होता. तो ट्रॉलीवर घेऊन मोकळ्या पटांगणात नेला, सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे केले, आणि त्यातला माल जळून विझेपर्यंत कोणालाही जवळ जाऊ दिले नाही. तेव्हापासून आमच्याकडे कोरडा मग दोरीने ड्रमलाच बांधलेला असतो.

हेच मोठ्या प्रमाणावर अमेरिकेत न्यू जर्सीतील लोडाय येथे २१ एप्रिल १९९५ रोजी घडले. सोडियम हायड्रोसल्फाइट आणि ॲल्युमिनियमची भुकटी यांचे मिश्रण करणाऱ्या ब्लेंडरमध्ये पाणी शिरले, मिश्रण तापत गेले, आणि ते बाहेर काढण्याच्या प्रयत्नात स्फोट होऊन पाच कामगारांचा जीव गेला. कोरड्या ओव्हनमधील आकड्याने अशा प्रसंगाची कल्पना येत नाही. पाण्याशी क्रिया होऊन ज्वालाग्राही वायू निघतो का हे पाहण्यासाठी त्याच पुस्तिकेत एन.५ ही वेगळी चाचणी आहे. कोकणातील पावसाळी हवा आणि जुलै महिना पाहता, आपल्या भुकटीचा ओलाव्याशी काय संबंध आहे हेही तपासून घ्यावे असे सुचवतो.

गोदीवरून

न्हावा शेवा बंदरात धोकादायक मालाची कागदपत्रे पाहणे हे माझे काम आहे, म्हणून केवळ वाहतुकीपुरते लिहितो. १४० वर मोठा घन होकारार्थी आला, तर २५ मि.मी.चा छोटा घन त्याच तापमानाला तपासतात. तोही होकारार्थी आला तर पॅकिंग ग्रुप दोन, म्हणजे मध्यम धोका. तो नकारार्थी आला, तर मोठा घन १२० अंशांवर आणि नंतर १०० अंशांवर तपासून, ३ घनमीटर किंवा ४५० लिटरपर्यंतच्या पॅकिंगला सूट मिळते की नाही ते ठरते. सूट देतानाही नियम आकार विचारतो, हे व्यवस्थापनाला जरूर दाखवावे.

लाकडी कोळशाचे उदाहरण तर डोळ्यांसमोरच आहे. एन.४ मध्ये नकारार्थी आलेला कोळसा पूर्वी समुद्रमार्गे साधा माल म्हणून नेता येत असे. चाचणीचे कागद जोडलेल्या कंटेनरांनाही आगी लागत राहिल्या. शेवटी आंतरराष्ट्रीय सागरी धोकादायक माल संहितेत बदल करून ही सवलत काढून टाकण्यात आली, आणि १ जानेवारी २०२६ पासून कोळसा वर्ग ४.२ म्हणूनच जाहीर करणे बंधनकारक झाले. ज्या पदार्थावर ही चाचणी बेतलेली आहे, त्याच्याच बाबतीत कागदावर विसंबणे महाग पडले. २० फुटी कंटेनरचे आतील आकारमान सुमारे ३३ घनमीटर असते, म्हणजे मापक यांच्या २७ घनमीटरपेक्षाही थोडे अधिकच.

संशोधक_विद्यार्थी

एवढ्या खर्चात पडण्यापेक्षा डीएससी, म्हणजे नमुना तापवत जाऊन त्यातून निघणारी उष्णता मोजण्याची चाचणी, करून घेतले तर? आमच्या विभागात ते एका दिवसात होते. उष्णता निर्माण होण्याची सुरुवात २२० अंशांना दिसली, तर १०० अंशांचे अंतर सोडून १२० पर्यंत चालवता येईल असे वाटते.

मापक

संशोधक_विद्यार्थी यांस, डीएससी उपयोगी आहे, मात्र या प्रश्नासाठी नव्हे. त्यात काही मिलिग्रॅम नमुना बंद कुपीत असतो. कुपीत ऑक्सिजन नाममात्र असतो आणि तापमान मिनिटाला ५ किंवा १० अंशांनी भराभर चढवले जाते. हवेतील ऑक्सिजनने सावकाश होणारे ऑक्सिडीकरण त्यात दिसतच नाही. दिसते ते पदार्थाचे स्वतःचे विघटन. ते पाहायलाच हवे, कारण विघटन होणाऱ्या पदार्थाला हवेची गरज नसते आणि त्याचा धोका वेगळा असतो. १०० अंशांच्या अंतराचा नियम मात्र यापूर्वीही अनेकांना फसवून गेला आहे, तो ड्रायरला लावू नये. प्राथमिक चाळणीच हवी असेल तर ग्रेवर ओव्हन वापरावा, ज्यात छोट्या नमुन्यातून गरम हवा वाहते. त्यात सुरुवात २२० अंशांच्या वर आली तर एन.४ करण्याचीही गरज नाही, असे पुस्तिकेतच म्हटले आहे.

खाडीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मापक यांनी कॉइलबद्दल विचारले म्हणून काल बंदच्या दिवशी ड्रायरची मागची पत्रे उघडली. वाफेची कॉइल तळाशी आहे आणि तिच्या पंखांमध्ये भुकटीचा चार बोटे जाड थर साचून घट्ट बसला होता. वरचा भाग पिवळा, आत तांबूस, आणि नळीला लागून कोळसा झालेला. त्याचा एक तुकडा निघून गेल्याची खूणही स्पष्ट दिसते, आणि ती जागा हवेच्या ज्या झोतात आहे तो थेट खालच्या ट्रेवर येतो. वाफेचा दाब आम्ही ४ किलो ठेवतो. ड्रायरचा तापमापक ९५ दाखवतो, कारण तो वर, हवा बाहेर पडण्याच्या जागी बसवलेला आहे.

दुसरे असे की व्यवस्थापनाने माझ्या नकळत एक जंबो बॅग ७० अंशांवर भरून पाहिली होती. ती वेगळी ठेवून, लांब सळईला थर्मोकपल बांधून, मी रोज मध्यावरचे तापमान घेत आहे. गोदामात ३१ अंश आहेत. आज सहाव्या दिवशी पोटात ६२ अंश आहेत. कमी होत आहे म्हणून समाधान मानावे का?

मापक

समाधान मानू नये. कारण सांगतो.

आधी कॉइल. ४ किलो दाबाच्या वाफेचे तापमान सुमारे १५१ अंश असते. एक लिटरच्या घनात १४० वर ३१ अंश चढणारी भुकटी, चार बोटे जाडीच्या थरात, १५१ अंशांच्या नळीला महिनोन् महिने चिकटून राहिली, तर ती पेटणे अपेक्षितच आहे. म्हणजे निखारा ट्रेमध्ये जन्मला नाही, तो कॉइलवरून सुटून हवेच्या झोताबरोबर तिथे येऊन पडला. ड्रायर १२० वर नेण्यासाठी वाफेचा दाब आणखी वाढवावा लागेल, आणि हीच जागा आणखी गरम होईल. साचलेल्या थरासाठी वेगळी, तापलेल्या पत्र्यावरची चाचणी आहे: ५ मि.मी. थर ज्या तापमानाला पेटतो, त्यातून ७५ अंश वजा करून यंत्राच्या पृष्ठभागाची मर्यादा ठरवतात. तोवर कॉइल प्रत्येक बॅचनंतर उघडून साफ करणे आणि वाफेचा दाब उतरवणे हे आजच करता येईल.

आता बॅग. सेंद्रिय भुकट्यांची उष्णता पसरण्याची क्षमता बरीच सारखी असते. ती धरून एक मीटरच्या घनाचे केवळ निवण्याचे गणित केले, तर ७० वर भरलेल्या बॅगेचा मध्य ३१ अंशांच्या गोदामात सहाव्या दिवशी ५० च्या आसपास यायला हवा. आपल्याकडे ६२ आहे. वरचे १०-१२ अंश बॅग स्वतः निर्माण करीत आहे. एकटी, चहूबाजूंनी हवा लागणारी बॅग म्हणून ती उतरत आहे. अशाच आठ-दहा बॅगा एकीला एक लावून आणि एकीवर एक रचल्या असत्या, तर मधल्या बॅगेला थंड भोवताल मिळालाच नसता. घनाची बाजू दहापट झाली की वेळ शंभरपट होतो, म्हणून पहिल्या दोन-चार दिवसांत काही न झाल्याने काहीही सिद्ध होत नाही. धोका कंटेनर समुद्रात असताना तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही उभा राहू शकतो. ही बॅग आणखी कशालाही न लावता ठेवा. तापमान एका अंशाने जरी वर फिरले तरी ती बाहेर काढून भुकटी पातळ पसरावी. त्या वेळी धूळ उडणार नाही असे पाहावे, कारण आत निखारा असेल तर उडालेली धूळ आगीपेक्षा वाईट.

चाचण्यांबद्दल आपण विचारले होते. ईएन १५१८८ या युरोपीय मानकानुसार निदान तीन, शक्य तर चार आकारांच्या जाळीच्या टोपल्यांमध्ये चाचणी करून घ्यावी. प्रत्येक आकारासाठी तापमान बदलत पुन्हा पुन्हा चाचणी करतात, आणि जिथे पेटते व जिथे पेटत नाही ती दोन तापमाने काही अंशांच्या अंतरावर आणतात. मग आकारमान भागिले पृष्ठफळ याचा लॉगॅरिदम आणि निरपेक्ष तापमानाचा व्युत्क्रम यांचा आलेख काढला की सरळ रेषा मिळते. तिच्या उतारात आपली सक्रियण ऊर्जा असते आणि ती जंबो बॅगेपर्यंत वाढवता येते. सोबत पेटण्यास लागणाऱ्या वेळेचा आलेखही मागावा. ड्रायरसाठी मात्र थरावरून गरम हवा वाहू देणारी चाचणी वेगळी मागावी लागेल, कारण टोपलीभोवती हवा जवळजवळ स्थिर असते आणि ट्रेवर ती वाहती असते. रंगशाळा यांचा ओलाव्याचा मुद्दाही प्रयोगशाळेला लेखी कळवा.

खाडीकाठ

व्यवस्थापनासमोर बॅगेची सहा दिवसांची तापमाने आणि कॉइलवरचा तुकडा दोन्ही ठेवले. १२० अंशांचा प्रस्ताव मागे घेतला गेला आहे. वाफेचा दाब आजपासून २ किलोवर आणला असून, दुसरा तापमापक कॉइलच्या वरच्या बाजूला, खालच्या ट्रेच्या पातळीवर बसवत आहोत. भरण्याची मर्यादा पुन्हा ४० अंश केली आहे. ईएन १५१८८ साठी दोन प्रयोगशाळांकडे दर मागितले आहेत. नमुना परवाच्या बॅचमधून, ड्रायरमधून काढल्या दिवशीच, हवाबंद डब्यांत भरून पाठवणार आहे. किती किलो पाठवावा, आणि डब्यात नायट्रोजन भरावा का, एवढे सांगावे.

मापक

पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या चाचण्या धरून १५ किलो पाठवा. नायट्रोजन भरा, डबे काठोकाठ भरा, आणि डब्यावर बॅच, वाळवण्याची तारीख व ओलाव्याचे प्रमाण लिहा. कॉइलवरचा पिवळा आणि तांबूस थर वेगवेगळ्या बाटल्यांत, पाव-पाव किलो, सोबत जाऊ द्या. महिनोन् महिने तापलेली भुकटी ताज्या भुकटीपेक्षा आधी पेटते की नंतर, हे त्यावरून कळेल. वाफेचा २ किलो दाब म्हणजेही सुमारे १३३ अंश आहेत, तेव्हा साफसफाई सोडू नका.